चढावर उघडणारी चीर

फोन आला तेव्हा मी पत्रकाचं प्रूफ तपासत होते. मथळा होता, ‘नवी रुग्णवाहिका मिळालीच पाहिजे!’ पलीकडे अनंता, जुनी रुग्णवाहिका चालवणारा. ‘ताई, हसनचाचा गेले... छातीत कळ आली म्हणून माणगावला नेत होतो. घाटात गाडी चढलीच न्हाय.’ पाच आठवडे झाले. माझ्या कानातून ते शेवटचं वाक्य जात नाही.

हसनचाचा म्हणजे दिवेआगरच्या रस्त्यावरचे गॅरेजवाले. तरुणपण आखातात, ट्रकखाली आडवं पडून गेलेलं. आमच्या आरोग्य केंद्राच्या म्हाताऱ्या रुग्णवाहिकेचा दम सपाटीला टिकायचा आणि चढावर सुटायचा. मागे काळा धूर, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रांगतेय. कुणी डिझेल फिल्टर बदलला, कुणी इंजिनात हवा दाबणारा टर्बोच बाद ठरवला. चाचा कुणाचं ऐकून नट खोलणारे नव्हतेच. अनंताशेजारी बसून ते घाटात जाऊन आले, सगळा वेळ कान देऊन. मग बॉनेट उघडलं आणि टर्बोकडून इंजिनाला हवा नेणारा रबरी पाइप खालून वाकवला. बोटभर चीर! ‘टर्बो ठणठणीत हाय. हवा वाटेतच पळते. गाडी उभी असली की चीर मिटते, जोर पडला की उघडते.’

दुसऱ्याच दिवशी ते माणगावहून नवा पाइप घेऊन आले. आणि मी शहाणी म्हणाले, ‘चाचा, थांबा. तपासणीला आरोग्य खात्याचे साहेब येतायत. ही चढली तर नवी कोण देणार?’

‘अगो, तुझ्या भांडणापायी गाडी आजारी ठेवायची व्हय?’

‘आठच दिवस.’

‘बरं, पुढारीणबाई...’ हसले, आणि पाइप गॅरेजातल्या खिळ्याला अडकवला.

साहेब आले. आवारात उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबला, ‘सुस्थितीत’ असा शेरा मारला, शहाळं पिऊन गेले. घाटात चला म्हटलं, तर वेळ नव्हता! मी चिडून फेरतपासणीचा अर्ज केला आणि चाचांना पुन्हा थांबवलं. त्या साहेबांवर मी चार पत्रकं लिहीन. पण पाइप त्यांनी अडवला नव्हता.

वेळेत पोचले असते तर वाचले असते का? डॉक्टरांना दोनदा विचारलं. ते सांगत नाहीत. दफन झाल्यावर तिसऱ्या दिवशी अनंताने नवा पाइप बसवला. वीस मिनिटं लागली. गाडी आता घाट सहज चढते.

खिळ्याला आता जुना पाइप आहे. चाची गॅरेजचं दार उघडून देतात आणि घरात निघून जातात. मी तो काढते, चाचांसारखा खालून वाकवते... चीर उघडते.