खोडलेली अट

१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार. सातपूर, बहिणीकडे. थंडी वाढली. साडीला इस्त्री केली. उद्या अपिलाची सुनावणी. इथेही माझी अडचणच होते आहे.

वहीत एवढं लिहून दुसऱ्या दिवशी इंदुमती गायधनी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या व्हरांड्यात ताठ बसल्या होत्या. नवरा गेल्यावर त्यांनी कॉलेज रोडचा फ्लॅट मुलाला, सोमनाथला, बक्षीसपत्राने दिला होता. उन्हाळ्यात त्या बहिणीकडे गेल्या. परतल्या तर दाराचं कुलूप बदललेलं. सांभाळाची अट दस्तात नाही, म्हणून प्रांतांनी घर परत मिळण्याचा त्यांचा अर्ज फेटाळला. आता आशा उरली होती ती ज्येष्ठ नागरिकांच्या अपील न्यायाधिकरणाची.

सोमनाथ वकील घेऊन आला. शिपायाने वकिलाला दारातच थांबवलं. "साहेब, इथं वकील बाहेर, नातेवाईक आत. बाकी कोर्टांच्या उलटं."

"परक्यांनीसुद्धा असं कोर्टकचेरीत खेचलं नसतं हो, आई," सून हर्षाली पुटपुटली. इंदुमतींनी पदर सारखा केला.

आत अध्यक्षांनी दस्त चाळला. "आजी, अट लिहायची राहून गेली का?"

नुसतं 'हो' म्हटलं तरी पारडं फिरलं असतं, हे इंदुमतींना कळत होतं.

"नाही. मसुद्यात होती. मीच खोडायला लावली."

"का?"

"लेकराला द्यायचं आणि वर अट घालायची? आमच्यात लेकीला साडी देतानासुद्धा कधी नेसशील, असं विचारत नाहीत."

सोमनाथ लगेच उठला. "ऐकलंत ना साहेब? अट नव्हतीच."

"म्हणजे आईला सांभाळायचं नव्हतं?"

"तसं नाही..."

"मग कसं? नीट सांगा, हे नोंदवलं जातंय."

सोमनाथने दाराकडे पाहिलं. वकील बाहेर होता. हर्षाली मान खाली घालून बसली होती.

"आई आहे ती," तो शेवटी म्हणाला. "सांभाळणं आलंच."

"लिहून घ्या," अध्यक्ष लिपिकाला म्हणाले. मग इंदुमतींकडे वळले. "बक्षीसपत्र मी रद्द करत नाही, आजी. घर त्यांच्याच नावावर राहील. पण प्रांतांचा आदेश बदलतो. तुमची खोली तुम्हाला आजच मिळेल. तलाठी सोबत येतील. पुन्हा बाहेर काढलं, तर पोलीस येतील."

किल्ली देताना सोमनाथने आईकडे पाहिलं नाही. घरी इंदुमतींच्या पलंगावर इस्त्रीचे कपडे रचलेले होते. हर्षालीने ते उचलले.

संध्याकाळी इंदुमतींनी वहीत लिहिलं: उद्यापासून दुधाची एक पिशवी जास्त सांगितली.