इग्वानाचा मालक

मुलगा इग्वाना आणून सोडून गेला तेव्हा म्हणाला होता, "अण्णा, दोनच महिने." त्याच्या दोन महिन्यांना तीन वर्षं झाली.

सून बाळंत होणार होती, पुण्यातला फ्लॅट लहान, त्यात लहान लेकरापाशी असला परदेशी सरडा नको असं तिच्या आईचं म्हणणं पडलं. मग रिकामी जागा कोणाकडे, तर तेलगावच्या अण्णाकडे. बायको जाऊन वर्षही झालं नव्हतं. तीन खोल्यांत मी एकटा, त्यातली उन्हाची खोली या बाईसाहेबांना गेली. शेपटीसकट चार फूट लांब, अंगाने हिरवी, पाठीवर फणीसारखे काटे, गळ्याखाली बैलाला असते तशी लोंबती पोळी. मी कपाळाला हात लावला.

मी उभी हयात सिरसाळ्याच्या आणि आसपासच्या बैलबाजारात पावत्या लिहिण्यात घालवलेली. जनावर समोर आलं की देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, रंग, शिंगं, दात, कपाळावरचा चांद, सगळं दोन मिनिटांत कागदावर. जे हंबरत नाही आणि हाकेला कान हलवत नाही त्याला जनावर म्हणायची माझी तयारी नव्हती. मुलाशी फोनवर माझं पहिलं वाक्य ठरलेलं, "ही ब्याद कधी नेतोस?" तो म्हणायचा, "नेतो अण्णा, जरा थांबा." खरं सांगायचं तर हा प्रश्न नसता तर आम्हा दोघांना फोनवर बोलायला दुसरं काही नव्हतंच.

पण ब्यादेलाही खायला लागतं. शेवग्याचा पाला, जास्वंदीची फुलं, किसलेला लाल भोपळा. सकाळी सात वाजता मी विळी घेऊन बसायला लागलो. बायको गेल्यापासून मी स्वतःसाठी भाजी चिरली नव्हती, डब्यावर भागवत होतो. आता भोपळा आणायचाच म्हणून मी माझ्यापुरतीही भाजी टाकायला लागलो. हिवाळ्यात तिला ऊब लागते म्हणून पिवळा बल्ब लावला. लाइट गेली की माझीच गोधडी तिच्या रात्रीच्या पिंजऱ्यावर टाकायचो आणि स्वतः स्वेटर घालून कुडकुडत बसायचो. दुपारी ती खिडकीच्या गजांना धरून उन्हात पडायची आणि मी शेजारी खुर्ची टाकून पेपर मोठ्याने वाचायचो. मध्येच ती डोकं वर-खाली हलवते. ती त्या जातीची सवयच, होकार वगैरे काही नसतो, हे मला ठाऊक आहे. तरी कुणीतरी मान हलवत होतं. सबंध दिवसात तेवढीच एक मान माझ्यासमोर हलायची.

गावात अर्थातच बोंब झाली की म्हाताऱ्याने घोरपड पाळली. कुणी गुडघ्यांसाठी घोरपडीचं तेल मागायला आलं, कुणी नुसतं बघायला. मग एक दिवस वनरक्षक दारात उभा राहिला, कुणीतरी तक्रार केली होती. भला माणूस होता. खोलीत डोकावला आणि हसला.

"काका, ही घोरपड न्हाई. बाहेर देशातली हाय. पण हिचा कागद कुठंय?"

"कसला कागद?"

"आता नोंद करावी लागती ऑनलाइन. बाहेरचं जनावर पाळायचं, त्याला पिल्लं झाली, कुणाला दिलं, इकलं, समदं सरकारला कळवायचं. मुदत हाय. मुदतीत न्हाई केलं तर आमाला घिऊन जावं लागंल. कावून रिस्क घेता?"

 एकतर लाज वाटली. लोकांच्या बैलांच्या पावत्या लिहिणाऱ्याच्या घरात बिनकागदाचं जनावर! दुसरं म्हणजे "घेऊन जावं लागंल" हे शब्द ऐकून मी तिच्या खोलीचं दार ओढून घेतलं. तिला नेतील या विचाराने आपण असं काही करू, हे मला त्या घडीपर्यंत माहीत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मी कामाला लागलो. मुलाकडून दुकानाचं जुनं बिल फोनवर मागवलं, तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरला घरी आणलं. त्याने तिच्या मांड्यांखालची छिद्रं तपासली आणि सांगितलं, "मादी आहे, एकदम निरोगी." तोवर मी तिला नर समजून "काय बे, जेवला का?" असं विचारत होतो. माप घेतलं, फोटो काढले. दिंद्रुडच्या ऑनलाइन सेंटरवर दोन चकरा झाल्या, कारण सर्व्हर डाऊन. तिसऱ्या खेपेला फॉर्म उघडला. खुणांच्या रकान्यात मी सांगितलं ते सेंटरवाला हसत हसत टाइप करत गेला. रंग हिरवा, पोळी लोंबती, शेपटीचं टोक मोडून पुन्हा आलेलं, उजव्या कानामागे पांढरा ठिपका. शिंगे नाहीत, हेही मी लिहायला लावणार होतो. त्याने हात जोडले.

मग त्याने विचारलं, "मालक कोण लिहू?"

मी म्हणालो, "मुलगा."

विचारसुद्धा करावा लागला नाही. आमच्याकडे असंच असतं. बायकोचं वर्षश्राद्ध झालं आणि मी रान, घर, मोटारसायकल सगळं मुलाच्या नावावर करून दिलं. म्हातारपणी कागदावर आपलं नाव चिकटवून बसणाऱ्याला लोक हावरट म्हणतात. शिवाय मी किती माणसांना वारस नोंदीसाठी तलाठ्याच्या दारात झिजताना पाहिलंय. इग्वाना पंधरा-वीस वर्षं जगते, मी सत्तरीचा. मी गेल्यावर ही बिचारी वारस नोंदीत अडकायला नको, एवढाच माझा हिशोब. ओटीपी मुलाच्या फोनवर गेला, त्याने मीटिंगमधूनच आकडे सांगितले आणि काम झालं. प्रमाणपत्राची प्रिंट मी लॅमिनेट करून घेतली आणि तिच्या खोलीत खिळ्याला टांगली. त्या आठवड्यात मी इतका खुशीत होतो की वनरक्षकाला बोलावून चहा पाजला.

चार महिन्यांनी मुलाचा फोन आला. यावेळी मी ठरलेलं वाक्य म्हणायच्या आधीच तो बोलला.

"अण्णा, तुमची कटकट मिटली! एक माणूस मिळालाय, परमिशन वगैरे घेऊन ब्रीडिंग करतो. त्याच्याकडे नर आहे, त्याला मादीच पाहिजे होती. बिनकागदाची तो घेतच नाही. आपले कागद क्लिअर आहेत म्हणून लगेच हो म्हणाला. ट्रान्सफर मी इथून करून टाकलंय. तो रविवारी येईल."

मी म्हणालो, "बरं केलंस."

का म्हणालो? तीन वर्षं मीच तर नेण्याचा धोशा लावलेला. आता नको म्हणायला तोंड कुठलं? बैलबाजारात सौदा झाल्यावर रडणारे मालक मी पाहिले होते आणि मनात त्यांना हसलोही होतो. शनिवारी मी भोपळा नेहमीपेक्षा बारीक किसला. पेपर वाचायला बसलो, पण वाचवेना. तिने दोन-तीनदा मान हलवली. मी तिला सांगून पाहिलं की उद्या तुला न्यायला येणार आहेत, तिकडे मोठी काचेची खोली असेल, जोडीदार असेल. सांगताना मला माझाच राग आला.

रविवारी तो माणूस आला. वाईट नव्हता, हेच वाईट. हवेची भोकं असलेली पेटी, मऊ कापड, खाण्याचं वेळापत्रक लिहून घ्यायला वही. त्याने मला सतरा प्रश्न विचारले. शेवग्याचा पाला किती, ऊन किती वेळ, कात कधी टाकली. मी सगळं सांगितलं, तो लिहीत गेला. मग मी विचारलं, "माझी सही कुठं करू?"

"तुमची नाही लागत काका. मालकाची मंजुरी आलीय."

तिला पेटीत मीच ठेवलं. दुसऱ्या कुणाच्या हाताला ती शेपटीचा फटका देते. माझ्या हातात मुकाट राहिली. गाडी फाट्याकडे वळेपर्यंत मी उभा होतो, मग आत येऊन खोली झाडून घेतली. पिवळा बल्ब बंद केला.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. "गेली ना अण्णा? सुटलात एकदाचे."

 तो "हॅलो, हॅलो" करत राहिला. रेंज नाही असं त्याला वाटलं असावं.

"मला ती पाहिजे होती," मी म्हणालो.

 मग तो हळूच म्हणाला, "अण्णा, पण तुम्ही तर कायम म्हणायचात..."

"म्हणायचो. तू फोन ठेवू नये म्हणून म्हणायचो."

एवढं लांबलचक खरं मी त्याच्याशी कधी बोललो नव्हतो, त्याच्या आईशीही नाही.  मागे त्याचं लेकरू कशासाठी तरी रडत होतं आणि सून त्याला हाका मारत होती. आता हा ठेवणार, असं मला वाटलं.

"अण्णा," तो म्हणाला, "आज जेवायला काय केलंत?"

काही केलं नव्हतं. पण मी त्याला सांगायला लागलो, भोपळ्याची भाजी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि तो ऐकत राहिला.