एका आवाजाच्या दोन्या रोसाल्बा

१४ मार्च, मंगळवार, सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटे. नगर परिषदेच्या सभागृहात मी आमच्या बाजूची डोकी मोजली: एकशे बारा. सर्वांत पुढे दोन्या रोसाल्बा बसल्या होत्या. 'दोन्या' हे स्पॅनिशमधले आदराचे संबोधन. पेनसिल्व्हेनियातील आमच्या छोट्या गावात ते या एकाच बाईंना लागे.

मी संशोधक असलेल्या प्रयोगशाळेत त्या सफाई करीत आणि मला 'डॉक्टोरा' म्हणत. माझे टेबल पुसताना मोडक्या इंग्रजीत सांगत, "मेक्सिकोचे लोक पोर्तो रिकोवाल्यांशी बोलत नाहीत, ग्वातेमालाचे दोघांशीही नाहीत. आणि गोऱ्यांच्या लेखी आम्ही सगळे मेक्सिकनच." हे सारे मशरूमच्या शेडमध्ये कामाला जात. तिकडून परतायची शेवटची बस बंद करण्याचा प्रस्ताव परिषदेपुढे आला, तेव्हा दोन्या रोसाल्बांनी तिन्ही गटांना चर्चच्या तळघरात एकत्र बसवले. गलका वाढला की त्या टेबलावर थाप मारीत: "एका वेळी एकानेच रडा. नाहीतर कुणाचेच ऐकू येत नाही."

परिषदेत बोलायचे तर आधी नावाचे कार्ड भरावे लागे. माणशी तीन मिनिटे. दुभाषा घेतला तर त्यातली निम्मी जात. मी विश्लेषण केले. "सगळ्यांनी तेच सांगितले तर सदस्य कंटाळतील. एकच कार्ड भरा आणि तुम्ही बोला."

"डॉक्टोरा, तू शिकलेली आहेस," त्या म्हणाल्या आणि तीन आठवडे घरोघर फिरून त्यांनी एकेकाला गप्प राहायला राजी केले.

त्या उत्तम बोलल्या. मग लिपिकाने नोंद वाचली: बस बंद करण्याच्या बाजूने चार निवेदने, विरोधात एक.

"मागे बघा," दोन्या रोसाल्बा म्हणाल्या. एकशे अकरा माणसे उभी राहिली.

"मॅडम, कार्ड एकच आहे," अध्यक्ष सौम्यपणे म्हणाले. "त्यांना बसायला सांगा."

दोन्या रोसाल्बांनी सांगितले. सगळे बसले. बस बंद झाली.

बाहेर पार्किंगमध्ये ग्वातेमालाच्या फेलिपेने त्यांना गाठले. "तुम्ही म्हणालात, गप्प बसा. बसलो. आता शेडपासून सहा मैल चालत येताना बोललो तर चालेल ना, दोन्या?" दोघे-तिघे हसले. युक्ती कुणाची होती, हे दोन्या रोसाल्बांनी सांगितले नाही. शेजारी उभी असून मीही सांगितले नाही.

पुढच्या मंगळवारी त्यांनी तळघरात पुन्हा खुर्च्या मांडल्या. "बस गेली, पण एकी टिकली पाहिजे," त्या म्हणाल्या. सात वाजले. "थांबू जरा. चालत येत असतील, वेळ लागतो."

साडेसातला त्या म्हणाल्या, "डॉक्टोरा, लिहून टाक."

मी वहीत नोंद केली. उपस्थिती, मला धरून: दोन.