क्रमांक मी बदलले होते

लातूरच्या त्या रुग्णालयात अजून सांगतात, की खंडेनवमीला अप्पांचे फडके लागून वायर हलली आणि अतिदक्षता विभागातली एक बाई गेली. फडक्याचा काही संबंध नव्हता. क्रमांक मी बदलले होते, नांदेडला बसून.

अप्पा मुरुडचे. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, वय माझ्याच आसपास. लातूर शाखेतले नेटवर्क ते सांभाळत; मी नांदेडच्या मुख्य कार्यालयात त्यांचा साहेब. तिथे तीन स्विच, म्हणजे नेटवर्कच्या वायरी जोडणारे डबे, एकावर एक बसवले होते आणि ते मिळून एकच यंत्र असल्यासारखे चालत. प्रत्येकाला क्रमांक असे, पण पूर्वी कुणीतरी ते उलटसुलट चालू केल्यामुळे वरून खाली तीन, एक, दोन असा क्रम पडला होता. फोनवर मी म्हणायचो, "दोन नंबर बघा." ते विचारायचे, "तुमचा दोन का माझा दोन, साहेब?"

मी ते सरळ करायला घेतले. नवा क्रमांक दिला तरी स्विच बंद करून चालू केल्याशिवाय लागू होत नाही. खंडेनवमीला अप्पा परवानगी काढून स्विच बंद करत, पुसत, हळदकुंकू वाहत. तेवढा वेळ सिस्टर रुग्णांच्या खाटांजवळ थांबत. मला वाटले, आयतेच होईल. आदल्या दिवशी मी नवे क्रमांक देऊन ठेवले. अप्पांना सांगितले नाही. पण कुठल्या वायरीतून काय जायचे ही सेटिंग क्रमांकाला चिकटलेली असते, डब्याला नाही. ती नव्या क्रमांकांवर उतरवायची राहिली होती. घरून झेंडूसाठी फोन आला, मी उठलो आणि विसरलो.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली, अप्पांनी स्विच चालू केले, सिस्टर टेबलाकडे परतल्या. तिथल्या पडद्यावर याच स्विचमधून येऊन सगळ्या खाटांचे ठोके दिसायचे. पडदा काळा. यायला वेळ लागत असेल म्हणून त्या थांबल्या. तेवढ्यात कोपऱ्यातल्या, दार लावलेल्या खोलीतल्या बाईचे हृदय बंद पडले. खाटेजवळचे यंत्र ओरडत होते, ते बाहेर ऐकू आले नाही.

अप्पांचा फोन आला. "साहेब, पडदा काळाच हाय. फडकं लागून वायर हलली का काय?"

मला त्याच क्षणी कळले. मी म्हणालो, "सगळ्या वायरी दाबून बघा." ते एकेक वायर दाबत होते, तोवर मी इथून सेटिंग दुरुस्त केली. पडदा उजळला. त्यांना वाटले, त्यांच्या हाताने उजळला.

चौकशीत त्यांनी आपण होऊन फडक्याचे सांगितले. मला विचारले तेव्हा मी म्हणालो, "नांदेडहून काही झालेलं नाही." कँटीनमध्ये कुणी म्हणायचे, "अप्पा, कुंकू जरा बेतानं लावायचं व्हतं." महिन्याभरात त्यांना काढले. बाईचे हृदय आधीच थकलेले होते, कदाचित वाचलीही नसती, असे डॉक्टर म्हणाले होते. त्या कदाचितवर मी निवृत्तीपर्यंत नोकरी केली.

यंदा मुरुडला गेलो. अप्पांनी पाणी दिले, तब्येत विचारली. मी सगळे सांगितले.

"म्हंजे वायर हलली न्हवती?"

"नव्हती."

"एकबी?"

"एकही नाही, अप्पा."

"मी अजून झोपेत वायरी दाबून राहिलोय, साहेब." मग म्हणाले, "मला सांगून काय हुतंय? जळकोटला जा. तिचं लेकरू हाय तितं. मी जाऊन आलोय."

परतताना जळकोटला उतरलो. तिचा मुलगा आता चाळिशीचा. अंगणात बाजेवर बसवून त्याने सगळे ऐकून घेतले.

"ते अप्पा आल्ते," तो म्हणाला. "माय गेली त्याच साली. पाय धराया लागले. मी हाकलून दिलं त्यास्नी, अख्ख्या गल्लीसमोर. लई वंगाळ बोललो." त्याने मान वर केली. "तवा तुमी कुठं होता?"

"नांदेडला," मी म्हणालो. "नोकरीवर."