गुडघ्याखालची उशी

१८ सप्टेंबर. सकाळी नणंदेच्या पायाची क्रेप बँडेज धुतली. ती पिळायची नसतात. टॉवेलात दाबून पाणी काढायचं आणि दोरीवर न लटकवता आडवी वाळवायची, नाहीतर सैल पडतात. दुपारी तिच्या कृत्रिम पायाचं माप द्यायला जायचं होतं.

पावसाळ्यात कळव्याला डोंगराची दरड तिच्या घरावर आली. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तिला डोंबिवलीला आमच्याकडे आणताना इस्पितळातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी आम्हा सगळ्यांना उभं करून बजावलं होतं: पायाखाली उशी द्यायची नाही. गुडघा वाकलेला राहिला तर आखडतो, मग कृत्रिम पाय बसत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

नणंद बालवाडीत शिकवते. शाळेने तिची जागा दिवाळीपर्यंतच राखून ठेवली आहे. दिवाळीनंतर वर्गात उभं राहायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

ठाण्याला घोडबंदर रोडवरच्या कृत्रिम पायांच्या केंद्रात तंत्रज्ञाने तिला गुडघा सरळ करायला सांगितला.

"सरळच आहे," ती म्हणाली.

"नाही ताई. आज माप घेता येणार नाही. आधी हा सरळ व्हायला हवा. झोपताना पायाखाली काय घेता?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग पंख्याकडे. "उशी."

परतताना रिक्षात मी विचारलं, "कोण देतं?"

"आई. तू ऑफिसला गेलीस की घेऊन येते. बरं वाटतं गं वहिनी, ठणकत नाही."

"मग दिवाळीनंतर कशावर उभी राहणार आहेस? उशीवर?"

"तुझ्या ओरडण्याने गुडघा सरळ होणार असेल तर ओरड."

मी ओरडले नाही. घरी येईपर्यंत राखून ठेवलं.

उशी सासूबाईंनी मुद्दाम शिवली होती. जुन्या सुती साडीचा अभ्रा, आत शेवरीचा कापूस. मी यायच्या आत ती कपाटात जायची. हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या नवऱ्यालाही. भेटायला येणारे नातेवाईक शहाळी ठेवायचे, उशी नीट सरकवायचे आणि "आराम कर हो" म्हणून निघून जायचे.

"लेकरू कण्हत होतं," सासूबाई म्हणाल्या. "डॉक्टरांचं काय जातं? पाय त्यांचा थोडाच आहे?"

"तुमचाही नाही."

"जाऊ दे ना," नवरा म्हणाला. "आईने प्रेमानेच केलं."

"प्रेमाने दिली म्हणून गुडघा कमी आखडला का?"

आपल्याकडे पाय गेलेल्या माणसाचं लगेच तान्हं बाळ करतात. उठू नको, हलू नको, मी देते. तिने स्वतः पाण्याचा तांब्या उचलला तरी घरभर धावपळ. हिचं कण्हणं या सगळ्यांना ऐकवत नव्हतं, म्हणून यांनी आपल्या कानांची सोय केली. ती सोय तिच्या पायाला महागात पडली. आणि वर मीच कठोर.

बऱ्याच वेळाने सासूबाईंनी विचारलं, "सरळ होईल ना पुन्हा?"

"रोज व्यायाम केला तर होईल म्हणाले. दिवाळीच्या आत होईल का, ते नाही सांगितलं."

१९ सप्टेंबर. सकाळी ऑफिसला उशिरा येते म्हणून कळवलं. उशी उसवली, कापूस पिशवीत कोंबून माळ्यावर टाकला. नणंदेला कॉटवर पाय लांब करून बसवलं. सासूबाईंना शेजारी बसवून त्यांचा तळवा तिच्या गुडघ्याखाली सरकवला.

"हिने गुडघा खाली दाबायचा. तुमचा हात चेपला पाहिजे. कण्हली तरी हात काढायचा नाही."

नणंदेने दाबलं. कण्हली. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, पण हात तिथेच ठेवला.

"चेपतोय?" मी विचारलं.

"थोडासा."

"पुन्हा," मी नणंदेला म्हटलं.