साडूभाऊंचा क्लच

आमच्या थोरल्या साडूंइतकं बिघाडावर प्रेम करणारा माणूस उभ्या नागपुरात सापडायचा नाही. नीट चालणाऱ्या वस्तूत त्यांना काडीचा रस नसतो. पण कुणाचा मिक्सर बंद पडला, कूलरची मोटर घुरघुरायला लागली, की त्यांचा चेहरा खुलतो. आमच्या वास्तुशांतीला पंगत बसली आणि हे गायब. शोधायला गेलो तर घरामागे पाण्याच्या पंपाला कान लावून उभे! "भाऊ, जेवण थंड होऊन राहिलं नं," मी म्हटलं. तर म्हणाले, "जेवण कुठं पळते गा? हा पंप मात्र पंधरा दिवसांचा पाहुणा आहे." पंप तेराव्या दिवशी बसला. ही बातमी फोनवर सांगितली तेव्हा त्यांना झालेला आनंद मी अजून विसरलेलो नाही.

आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे बिघाडही ते सिद्ध करतात. मनीषनगरच्या त्यांच्या घरी कंपाउंडच्या भिंतीवर खडूनं संशयितांची यादी असते. एकेकाला तपासायचं आणि निर्दोष ठरला की खोडायचं. माणसाचं शरीर मात्र या शास्त्रात बसत नाही. ताप आला तरी ते कुणाला सांगत नाहीत. ताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीला, थर्मामीटर लपवलेला सापडला की तो ताप कळतो.

त्यांच्याकडे एक जुनी डिझेल जीप आहे आणि तिचा एक कायदा आहे: स्टिअरिंगवर दुसऱ्या कुणी बसायचं नाही. "गाडीले एकाच पायाची सवय पाहिजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मिस्त्रीनं खुशाल गाडीखाली झोपावं, बॉनेटमध्ये डोकं घालावं. पेडल दाबणार साडूभाऊ आणि गाडी चालवून पाहणारही साडूभाऊच.

मागच्या वर्षी गिअर टाकताना ही जीप कर्रकन ओरडायला लागली. साडूभाऊंनी गिअरबॉक्सला दोषी ठरवलं, भंगार बाजारातून तसाच दुसरा शोधून आणला आणि मिस्त्रीला हाताशी धरून आठवडाभरात बसवला. पेढे वाटले. आणि पहिल्याच फेरीत गिअर पुन्हा कर्रकन ओरडला! भिंतीवर नवी यादी चढली. क्लचच्या तेलात हवा असेल, ती काढली. प्लेट बदलली. बेअरिंग बदललं. इंजिन बंद असलं की सगळे गिअर गुपचूप पडायचे. इंजिन सुरू झालं की एकही ऐकेना. "म्हणजे क्लच पुरा सुटून नाही राहिला," ते मला म्हणायचे, "पण काहून नाही सुटत, हे सांग नं!" मी जन्मभर बँकेत कारकुनी केलेला माणूस, मी काय कपाळ सांगणार?

मला काळजी होती ती वेगळीच. ट्रायलसाठी ते मला शेजारी बसवून उमरेड रोडला न्यायचे. मागून कोळशाचे ट्रक भोंगे वाजवत यायचे आणि आमची जीप गिअर न पडल्यामुळे चढावर मागे सरकायला लागायची. मी दोन्ही हातांनी हँडब्रेक धरून आठवतील तेवढे देव आळवायचो. त्यात साडूभाऊंनी महिनाअखेर ताईंना जीपनं रामटेकला न्यायचं कबूल केलेलं. गडाचा तो चढ, मागे घरंगळणारी गाडी आणि आत ताई, हे डोळ्यांपुढे आलं की मी रात्री उठून बसायचो.

"भाऊ, बसनं जाऊ नं," मी एकदा धीर करून म्हटलं.

"तू काहून भेऊन राहिला गा? मी आहे नं!"

ते होते, हीच तर भीती होती.

एका रविवारी मिस्त्री आला नाही. साडूभाऊ स्वतःच गाडीखाली शिरले आणि नाइलाजानं कायदा मोडला. "बस वर. क्लच दाब." मी दाबला. खालून आनंदाची आरोळी आली, "अरे, क्लचचा दांडा पुरा सरकून राहिला! मिस्त्री तर म्हणे, अर्धाच सरकते!" कपडे झटकत ते बाहेर आले, मला उठवून स्वतः बसले, इंजिन सुरू केलं. कर्रर्र. मग मला बसवलं. गिअर आवाज न करता पडला. पुन्हा ते बसले, पुन्हा कर्रर्र. आता मी दाराशी उभा होतो. सहज खाली पाहिलं. त्यांच्या डाव्या पायातली चप्पल निघून बाजूला पडली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. पेडल अर्ध्यावर होतं. पाय थरथरत होता.

"भाऊ, पुरा दाबा नं."

"पुराच तर दाबला आहे!"

"चप्पल निघाली तुमची," मी कसाबसा म्हणालो. त्यांनी खाली पाहिलं. बिघाड सापडला होता, पण या वेळी चेहरा खुलला नाही.

"मुंग्या येऊन राहिल्या होत्या, लई दिवसांपासून," ते हळूच म्हणाले. "मले वाटलं, पेडलच जड झालं." आणि मग, "तुझ्या ताईले नको सांगू."

त्यांचं न ऐकण्याची माझी ती पहिलीच वेळ. मी सरळ स्वयंपाकघरात गेलो आणि ताईंना सांगून टाकलं.

तपासणीत कळलं, कमरेत नस दबली होती. ऑपरेशन झालं. ते चार तास मी दवाखान्याच्या बाकावर कसे काढले ते माझं मला माहीत. आता साडूभाऊ काठी घेऊन चालतात. क्लच दाबण्याइतका जोर पायात येईल का, असं विचारलं तर डॉक्टर "पाहू" एवढंच म्हणतात, आणि एरवी मिस्त्रीचं असलं उत्तर फाडून खाणारे साडूभाऊ तेवढ्यावर गप्प बसतात. घरी आल्यावर त्यांनी जीपची किल्ली माझ्या हातात ठेवली. "तिले उभी नको ठेवू," एवढंच बोलले.

रामटेक राहिलं होतं, ते मागच्या महिन्यात झालं. ताई मागे, साडूभाऊ माझ्या डाव्या हाताला आणि स्टिअरिंगवर मी. गडाच्या चढावर गिअर बदलायला हात घातला तेव्हा माझं लक्ष गेलं. नजर समोर रस्त्यावर ठेवून साडूभाऊ आपला डावा पाय पुढच्या रिकाम्या पत्र्यावर हळूहळू सरकवत होते. क्लच दाबत होते. तेव्हापासून मी गिअरची घाई करत नाही. गाडी थोडी गचके खाते, मागून ताई ओरडतात, पण त्यांचा पाय पत्र्याला पुरता टेकला की मगच मी गिअर टाकतो.