लाल दवा आणि माझा हौद

आधी ती कपबशी खाली ठेवा. हसताना चहा सदऱ्यावर सांडला, तर मी जबाबदार नाही! आता काय सांगू, आमच्या धाड गावचा भरलेला बाजार मी एकट्याने उठवलाय. दरोडेखोरांना जमलं नसतं ते मला जमलं, आणि तेही नुसत्या पोहण्याच्या हौसेपायी!

झालं असं, की मी परसात हौद बांधला. गुरांचा नव्हे हो, पोहण्याचा! घरामागे विहीर, विहिरीवर मोट, मोटेचं पाणी थेट हौदात. घडीव दगड, उतरायला पायऱ्या, बसायला कट्टा. नागपूरला एखाद्या साहेबाच्या बंगल्यात असेल तर असेल. पण आपल्या वऱ्हाडात, घाटावर म्हणा की घाटाखाली म्हणा, कोण्या शेतकऱ्याच्या परसात असा हौद दाखवा! नाहीच दाखवता येणार.

पण हौद बांधणं सोपं. त्यातलं पाणी सांभाळणं म्हणजे घरजावई पोसणं, रोज नवी तक्रार! चार दिवस निर्मळ, की लागलं हिरवं पडायला. उपसलं, घासलं, भरलं, पुन्हा हिरवं. तुरटी फिरवली, गाळ खाली बसला. मी पाय टाकला की वर आला. चुना टाकला, तर माझ्याच अंगाला खाज सुटली. मासे सोडले, तर बगळे आले. बगळे हाकलायला माणूस ठेवला, तर तो मासे खाऊ लागला!

बायको म्हणायची, "त्या हौदाचं जेवढं करता ना, तेवढं पोरीच्या लग्नाचं पाहा."

तेही चालूच होतं म्हणा. आमच्या कमळीचं खामगावला जमलं होतं. मुलाचे वडील नारायणराव, कापसाचे अडते. भला माणूस, पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय देवावरही विश्वास ठेवणार नाही. बोलणी संपली, सुपारी फुटली, तेव्हा मी सहज, अगदी सहज हो, हौदाची गोष्ट काढली.

"परसात पोहता?" नारायणराव हसले. "पाटील, गोठ्यातल्या टाक्याले हौद म्हणून राह्यले काय तुमी?"

झालं! माझं डोकं फिरलं.

"साखरपुड्याच्या आदल्या दिवशीच या," मी म्हणालो. "पहिली आंघोळ तुमची. तळाची सुई दिसन, असं पाणी राहीन!"

बोललो खरा. पण ते यायच्या दिवशी सकाळी जाऊन पाहतो, तर हौद कुठला? पालकाची पातळ भाजी! उपसून भरायला वेळ नाही. आणि मग मला सुचलं. गावात पटकीची साथ आली, की सरकारचा माणूस विहिरीत लाल दवा टाकतो की नाही? पाणी आधी गुलाबी होतं, मग निवळतं. मागच्या साथीतला एक डबा आमच्या कोठीत पडून होता. विहिरीला थोडीशीच पुरते म्हणे. पण माझा हौद काय थोडासा आहे? केला डबा उपडा!

पाणी पिकल्या जांभळासारखं झालं. मोट हाकणारा किसना बघतच राहिला.

"मालक, हे काय केलं?"

"पाहत काय राह्यला बे? मोट हाक! नवं पाणी पडलं का रंग उतरते."

किसनाने मोट हाकली. हौद भरला, भरून वाहू लागला. रंग काही उतरेना, पण पाणी उतरलं नालीत. नाली गेली रस्त्याला. रस्ता कुठे जातो? बाजारात! आणि त्या दिवशी वार कोणता? बाजाराचा!

गुलाबी ओघळ मिरचीवाल्यांच्या पुढ्यातून चालला, तशी एक बाई ओरडली, "अवो माय! लाल दवा! पाटलाच्या घरी पटकी आली!"

मग काय विचारता! पालं उतरली, बैलगाड्या जुंपल्या. भजेवाला कढई तेलासकट उचलून पळाला म्हणतात. खरंखोटं तोच जाणे. बातमी वेशीपर्यंत पोचली तेव्हा माझं घर आजारी होतं. वेशीबाहेर ते मरायला टेकलं. आणि नाल्यापाशी नारायणरावांची दमणी, म्हणजे त्यांची हलकी बैलगाडी, भेटली, तोवर मी गेलो होतो!

मी आपला हौदाशीच. तेवढ्यात गावचा कोतवाल धापा टाकत आला, आणि मला पाहून जागच्या जागी थिजला.

"पाटील... तुमी हाये?"

"नाई तर कुठं जाईन बे?"

"मंग व्याही काऊन वापस चालले?"

हसू नका हो! पोरीचा साखरपुडा होता. बायको चुलीपुढून उठून दारात आली, कमळी आत जाऊन रडू लागली. मी तसाच पळालो. एका हातात धोतर, दुसऱ्या हातात पागोटं. चढावर बैल दमले होते म्हणून दमणी सापडली.

"व्याहीबुवा, थांबा! पटकीबिटकी काई नाई!"

नारायणरावांनी उपरणं तोंडाला लावलं. "दुरून बोला पाटील. रस्त्यानं लाल दवा वाहून राह्यली, आन् पटकी नाई म्हणता?"

"ते म्या हौदात टाकली!"

"काऊन?"

"तुमच्यासाठी!"

हे नको बोलायला होतं, हे बोलल्यावर कळलं.

शेवटी ते म्हणाले, "खरंच हौद असन आन् पाण्यात रोग नसन, तर आमच्यासमोर तुमी उडी मारा."

आता सांगा, माघार घेतो की काय! पोरीची सोयरीक एकीकडे आणि हौदाची इज्जत दुसरीकडे. अर्धं गाव मागे घेऊन आम्ही परसात आलो. 'बजरंगबली की जय' म्हटलं आणि कट्ट्यावरून झोकून दिलं. बुडी मारली, पालथा पोहलो, उताणा पोहलो, पाण्यावर पद्मासन घालून तरंगून दाखवलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. नारायणरावांनी हौदाला फेरी मारली, पायऱ्या पाहिल्या, दगडावर हात फिरवला.

"मानलं पाटील. खामगावात असा हौद नाई."

अहो, त्या एका वाक्यासाठी मी शाईत पोहलो असतो!

पण लाल दवेचा एक गुण मला ठाऊक नव्हता. अंगावर वाळली की ती लाल राहत नाही, जांभळीही राहत नाही. तपकिरी होते, शेणाने सारवल्यासारखी! साबण झाला, शिकेकाई झाली, बायकोने राखेनेही घासून पाहिलं. साल निघेल, पण रंग निघायचा नाही.

दुसऱ्या दिवशी साखरपुड्याला नवा सदरा, जरीचा फेटा आणि आत गुळाच्या ढेपेसारखा मी. तरी छाती पुढेच होती हो! कारण नारायणराव आपल्या एकेका पाहुण्याला धरून आणत आणि अभिमानाने सांगत, "हे आपले व्याही. याहिच्या घरी आंघोळीले एवढा मोठा हौद हाये!"

त्यांची एक म्हातारी आत्या होती. डोळ्यांनी अधू, पण आवाज खणखणीत. ती जवळ आली. माझा हात हातात घेतला, नखं निरखली, वाकून मान पाहिली, आणि भर मांडवात विचारलं,

"एवढा मोठा हौद घरी हाये, मंग हा मानूस आंघोळ काऊन नाई करत बाप्पा?"